ज्योत नसलेला दिवा

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे दिवे लागत आले, त्या घरांतील माणसांस अग्नीची एक प्रकारची शिस्त आपोआप लागलेली असते. आमच्या जुन्या वाड्याच्या देवघरांत नंदादीप भिंतीपासून वीतभर पुढें ओढून ठेवण्याचा प्रघात होता. त्याच्या माथ्यावर तुळई येऊं नये, पडद्याची कड त्याच्याकडे झुकूं नये, निजण्यापूर्वीं कोणीतरी एकदां जाऊन त्याची वात पाहून यावी, हे नियम कोणीं लिहून ठेवले नव्हते. पण ते मोडण्याची कोणाची छाती नव्हती. समईच्या शेजारीं कापसाचा पुडा ठेवला म्हणून लहानपणीं मीं आजोबांचा मार खाल्ला आहे, आणि तो योग्यच होता असें आजहि मला वाटतें.

आतां दिवे बदलले. एल.ई.डी.च्या दिव्यास ज्योत नाहीं, धूर नाहीं, काजळी नाहीं. हात लावला तरी चटका बसत नाहीं. त्यामुळें त्याच्याविषयीं जें भय बाळगावयास पाहिजे, तें आमच्या मनांतून पार निघून गेलें आहे. गेल्या भाद्रपदांत माझ्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें मला शिकविलें कीं, दिवा गार असला तरी त्याला वीज पुरविणारी तार गार असेलच असें नाहीं. मी या विषयाचा जाणता नव्हे. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची आणि पुढें संस्कृताची. परंतु चूक माझ्या हातून झाली, आणि ती सुधारण्याचें शिक्षण मला घरांतल्याच एका व्यक्तीकडून मिळालें. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द लिहीत आहें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. मी, माझा धाकटा भाऊ, आम्हां दोघांचा परिवार आणि सत्त्याऐंशी वर्षांची आमची आई. गणपति पांच दिवसांचा. मखराचें काम पुतण्याकडे असतें. या वर्षीं त्यानें बांबू, पुठ्ठा आणि तांबडी मखमल यांचें मखर केलें व त्याच्या कमानीला पांच मीटर लांबीची रंग बदलणारी एल.ई.डी.ची पट्टी बसविली. पट्टी बारा व्होल्टांची. तिला वीज देणारा अडॅप्टर आणि रंग बदलणारा कंट्रोलर ठेवावयास जागा मिळाली ती माजघरांतल्या बटणांच्या फळीपाशीं. म्हणजे मखरापासून आठ मीटर दूर. तेव्हां मधल्या अंतरास चार तारांची केबल हवी झाली. एक तार सामाईक, आणि तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांच्या तीन.

केबल विकत आणावयास पुतण्या निघाला, तेव्हां मीं त्याला थांबविलें. माळ्यावर जुन्या टेलिफोनच्या केबलचे दोन तुकडे पडून होते. त्यांत चार तारा होत्या, आणि त्या तांब्याच्या होत्या. असलेली वस्तु सोडून नवी कां घ्यावी, असा माझा विचार. पुतण्याची पत्नी, आमची धाकटी सूनबाई, तंत्रनिकेतनांतून विजेच्या शाखेची पदविका घेतलेली आहे. ती हळूच म्हणाली, “काका, ही तार फार बारीक आहे. निदान एक चौरसची तरी घेऊं या.”

मीं चष्मा लावून केबलवरील छापील अक्षरें वाचलीं. तेथें ०.५ असा आंकडा होता. मी म्हणालों, “एक नाहीं तर अर्धा आहे. गार दिव्यांना एवढें पुरे. आणि बारा व्होल्टांनीं कोणाला काय होणार?” यावर ती कांहीं बोलली नाहीं. घरांतल्या वडील माणसानें आंकडा वाचून दाखविल्यावर सुनेनें पुढें काय बोलावें? तिच्या त्या मौनाला मीं संमति समजलों.

दोन तुकडे एकमेकांस जोडले तेव्हां आठ मीटर होऊन वर कांहीं हात तार उरली. जोड हातानेंच पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. उरलेल्या तारेचें वेटोळें करून तें जोडासकट मखराच्या मागें मखमलीच्या घडींत खोंवून दिलें, म्हणजे दिसावयास वाईट दिसूं नये. सायंकाळीं आरतीच्या वेळीं दिवे लागले. पांढरा रंग लावला असतां प्रकाश शुभ्र न पडतां त्याला तांबूस झांक आली. पुतण्याला तें आवडलें नाहीं. तो म्हणाला, “अडॅप्टरवर एक स्क्रू आहे, त्यानें व्होल्ट जरा वाढवूं का?” मी म्हणालों, “राहूं दे. देवाच्या मुखावर कुंकवाची प्रभा पडल्यासारखी दिसते आहे.” त्या वाक्यांतील अलंकार सोडला, तरी ‘राहूं दे’ म्हणालों हें माझें त्या दिवसांतील एकमेव शहाणपण ठरलें, आणि तेंहि अजाणतां.

रात्रीं सर्व निजलों. गणपतीजवळचा दिवा मालवूं नये म्हणून पट्टी चालूच ठेवली होती. आई देवघराच्या शेजारच्या खोलींत निजते. तिचे डोळे अधू झाले आहेत, कानहि फारसे साथ देत नाहींत. पण नाक शाबूत आहे. एकच्या सुमारास तिनें हांक मारली. मला वाटलें, पाणी हवें असेल. ती अंथरुणावर उठून बसली होती. म्हणाली, “कांहींतरी जळतें आहे. तेल नाहीं, कापूस नाहीं, दुसरेंच कांहीं.”

देवघरांत आलों तों मखराच्या मागून पातळ धुराची रेघ वर चढत होती. मी गोंधळलों. पंचपात्रींतलें पाणी ओतावें म्हणून हात पुढें केला, तोंच सूनबाई मागून धांवत आली आणि म्हणाली, “काका, आधीं बटण!” तिनें माजघरांतलें बटण बंद केलें, अडॅप्टर ओढून काढला आणि मग मखमल बाजूला सारली. चिकटपट्टी वितळून तिचा काळा गोळा झाला होता. मखमलीला तळहाताएवढें भोंक पडलें होतें, आणि मागचा पुठ्ठा करपून तपकिरी झाला होता. ज्वाळा निघाली नव्हती. मूर्तीस धक्का लागला नव्हता. पण पुठ्ठ्याच्या मागें वाड्याचें जुनें सागवान होतें, आणि त्या सागवानापलीकडे आईचें अंथरूण. त्या रात्रीं मला पुन्हां झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं देवापुढें समई लावली. दुपारीं मीं सूनबाईस बोलावून सांगितलें, “काल तूं बरोबर बोललीस आणि मीं ऐकलें नाहीं. आतां मला हें नीट समजावून दे. माझ्या वर्गांत बसलेल्या मुलासारखें समजाव.” ती संकोचली, पण पुढें बोलूं लागल्यावर तिचा संकोच गेला. अंगणांतील फरशीवर तिनें तीच केबल सरळ पसरली, जोड नवा व घट्ट केला आणि मोजण्याचें यंत्र घेऊन ती बसली. तिनें जें सांगितलें, तें मी माझ्या भाषेंत येथें देतों.

पहिली गोष्ट अशी. तारेला जें सोसावें लागतें तें व्होल्ट नव्हेत, वॅटहि नव्हेत. तिला सोसावा लागतो प्रवाह, म्हणजे अँपिअर. वॅटांना व्होल्टांनीं भागिलें कीं अँपिअर निघतात. पूर्वींचा शंभर वॅटांचा कांचेचा दिवा २३० व्होल्टांवर अर्धा अँपिअरहि घेत नसे. आमची पट्टी दर मीटरला १४.४ वॅट, म्हणजे पांच मीटरला ७२ वॅटांची. दिव्याहून लहानच. पण ती बारा व्होल्टांवर चालते. ७२ भागिलें १२, म्हणजे सहा अँपिअर! व्होल्ट जितके कमी, तितका त्याच कामाला प्रवाह अधिक. बारा व्होल्टांनीं कोरड्या हाताला धक्का बसत नाहीं हें खरें. पण तार तापते ती धक्क्याच्या हिशेबानें नव्हे, प्रवाहाच्या हिशेबानें. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. मी ‘बारा व्होल्टांनीं काय होणार’ म्हणून ज्या गोष्टीला अभय समजलों, तीच भयाचें कारण होती.

दुसरी गोष्ट माझ्या अभिमानाला अधिक लागली. केबलवरील ०.५ हा आंकडा चौरस मिलिमीटरांचा नव्हताच. तो तारेचा व्यास होता. दुकानांत जिला ‘दीड एम.एम.ची वायर’ म्हणतात, तिचा दीड हा आंकडा जाडीचा नसून तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा असतो. टेलिफोनच्या तारेवर मात्र व्यास सांगतात. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ किती? सूनबाईनें पाटी पुढें केली आणि मीं तें काढलें: सुमारें ०.२ चौरस मिलिमीटर. म्हणजे तिनें मागितलेल्या तारेच्या पंचमांश! वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें सूत्र मला शाळेपासून पाठ आहे, पण ज्या क्षणीं तें वापरावयाचें, त्या क्षणीं मीं आंकडा वाचला आणि एकक वाचलें नाहीं. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एकक नसेल तर गुण कापावे, असें मी वर्षानुवर्षें इतर शिक्षकांच्या तोंडून ऐकत आलों होतों.

तिसरी गोष्ट सामाईक तारेची. रंग बदलणाऱ्या पट्टीच्या चार तारांचा भार सारखा नसतो. तिन्ही रंग एकदम लागले असतां प्रत्येक रंगाच्या तारेंतून दोन अँपिअर जातात. पण सामाईक तारेंतून त्या तिघांची बेरीज, म्हणजे सहा. एकत्र कुटुंबांत तिघे मिळवते आणि खर्चाचा भार वाहणारा एक, तसा हा प्रकार. म्हणून बहुतारी केबल निवडतांना सर्वांत अधिक भार वाहणाऱ्या तारेकडे पाहून निवडावी, सरासरीकडे पाहून नव्हे.

मग प्रकाश तांबूस कां झाला? यंत्रावर दिसलें कीं, अडॅप्टरपाशीं बारा व्होल्ट असतांना पट्टीपाशीं तितके पोंचत नव्हते. मधले व्होल्ट बारीक तारेनें खाल्ले होते. सहा अँपिअर मागणाऱ्या पट्टीला अडीच अँपिअरहि मिळत नव्हते. तांबड्या दिव्याला पेटावयास सुमारें दोन व्होल्ट लागतात. हिरव्या व निळ्याला सुमारें तीन. पट्टींत असे तीन तीन दिवे एकापुढें एक जोडलेले असतात. व्होल्ट कमी पडले कीं हिरवा आणि निळा आधीं मंदावतात व तांबडा मागें उरतो. मीं जिला कुंकवाची प्रभा म्हटलें, ती तार थकल्याची खूण होती. पुतण्यानें स्क्रू फिरवून व्होल्ट वाढविले असते, तर प्रकाश सुधारला असता आणि तारेंतून अधिक प्रवाह रेटला गेला असता. खरोखर सहा अँपिअर त्या सामाईक तारेंतून गेले असते, तर तिच्या दर मीटरमध्यें तीन वॅटांहून अधिक उष्णता निर्माण झाली असती. तेवढ्याच प्रवाहाला दीड चौरसच्या तारेंत अर्धा वॅट पुरतो. अंधुक पडलेल्या दिव्याचें औषध अधिक व्होल्ट हें नव्हे. आधीं तार तपासावी.

चौथी गोष्ट, जळलें कोठें आणि कां? सबंध केबल नुसती कोमट होती. जळला तो जोड. हातानें पिळलेल्या जोडांत तारा सगळ्या अंगानें एकमेकींस टेंकत नाहींत. चिंचोळ्या जागेंतून प्रवाह जातो आणि तेथेंच उष्णता सांठते. त्यांत तो वेटोळ्यासह मखमलीच्या घडींत गुदमरलेला. उघड्या हवेंत जी उष्णता निघून गेली असती, ती तेथेंच कोंडली. मीं विचारलें, “पण मग मीटरजवळच्या पेटींतला खटका कां पडला नाहीं?” ती म्हणाली, “काका, त्याला कांहीं कळलेंच नाहीं. तो २३० व्होल्टांच्या बाजूला आहे; तेथें हें सगळें मिळून पाव अँपिअरसुद्धां नव्हतें. आणि हा अडॅप्टर दहा अँपिअरचा. दहा होईपर्यंत तो निमूटपणें देत राहतो. मधली तार दहा सोसते कीं दोन, हें त्याला कोण सांगणार?” घरांत खटके बसविले म्हणजे सर्व निर्धास्त, असा माझा समज होता. बारा व्होल्टांच्या तारेला तिचा स्वतःचा रक्षक लागतो.

त्याच संध्याकाळीं सूनबाईबरोबर मी स्वतः दुकानांत गेलों. ‘बहुतारी’ या शब्दाचे दोन अर्थ तेथें माझ्या ध्यानांत आले. एका बाह्य आवरणांत चार स्वतंत्र तारा असतात, हा एक. आणि त्यांतील प्रत्येक तार केसांसारख्या अनेक बारीक तंतूंची असते, हा दुसरा. तंतु अनेक असल्यानें तार अधिक वीज वाहते असें नव्हे. वीज वाहते ती एकूण तांब्याच्या क्षेत्रफळावर. तंतूंचा लाभ असा कीं, तार वांकते, वळते, पण मोडत नाहीं. एकेरी तार चार वेळां वांकविली कीं आंतल्या आंत तडकते. परंतु तंतूंच्या तारेला एक पथ्य आहे. टोंक सोलतांना सुरीनें चार तंतु तुटले, किंवा स्क्रूखालीं कांहीं बाहेर राहिले, तर तेथें ती तार तितकी बारीक झाली असें समजावें. त्यासाठीं टोंकांवर धातूची लहान नळी, जिला फेरूल म्हणतात, ती दाबून बसवावी. टोंकाला कथील लावून तें स्क्रूखालीं आवळूं नये; कथील दाबाखालीं हळूहळू सरकतें आणि जोड सैल पडतो.

दुकानदारानें आधीं एक स्वस्त केबल पुढें ठेवली. दिसावयास जाडजूड, रंगानें लालचुटुक. सूनबाईनें एक तंतु नखावर धरून सुरीनें खरवडला. वरचा तांबूस रंग निघून आंत पांढरी चकाकी दिसली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, म्हणजे त्याच जाडीची ती तार अधिक तापणार. शिवाय ती लौकर मोडते. आवरण जाड असलें म्हणून आंतील धातु जाड असतोच असेंहि नाहीं. सोनें घेतांना आम्ही कसोटी पाहतों, आणि ज्यावर सबंध घराचा जीव, तें तांबें रंगावर घेतों! मग तिनें दुसरी केबल मागितली. तिच्यावर हातभर अंतरांनीं स्पष्ट छापलेलें होतें: बनविणाऱ्याचें नांव, आय.एस. ६९४ हा मानकाचा क्रमांक, आय.एस.आय.ची खूण व तिच्याबरोबर परवान्याचा आंकडा, आणि चार तारा, प्रत्येक दीड चौरस मिलिमीटर. ‘एफ.आर.’ हीं अक्षरें असलेलें आवरण आग लागली असतां ती सहजासहजीं पसरूं देत नाहीं, ‘एफ.आर.एल.एस.एच.’ असेल तर जळतांना धूर आणि घातक वायूहि कमी निघतात. माजघरासारख्या माणसें निजणाऱ्या जागीं हें दुसरें अधिक बरें. साध्या पी.व्ही.सी. आवरणाची सहनशक्ति सत्तर अंशांपर्यंतची असते, हेंहि लक्षांत ठेवावें.

लांबीचा हिशेबहि तिनें दुकानांतच केला. दीड चौरसच्या तांब्याच्या तारेचा विरोध हजार मीटरला १३.३ ओहम. आठ मीटर अंतर ठेवलें, तर सामाईक तारेंत सहा आणि रंगाच्या तारेंत दोन अँपिअर धरून सुमारें ०.८५ व्होल्ट वाटेंतच जातात. बारापैकीं म्हणजे शेंकडा सात. तार सुरक्षित, पण रंग पुन्हां थोडा फिका. अंतर दोन मीटरवर आणलें, तर तोच आंकडा ०.२ वर येतो. म्हणून अडॅप्टर आणि कंट्रोलर मखराजवळ आणावयाचे, आणि तेथपर्यंत २३० व्होल्टांची वीज चांगल्या तीन तारांच्या केबलनें न्यावयाची, असें ठरलें. ज्यांना दूरवरूनच दिवे लावावयाचे असतील, त्यांनीं चोवीस व्होल्टांची पट्टी घ्यावी. तितक्याच वॅटांना प्रवाह निम्मा होतो. आठ मीटरांत ०.४३ व्होल्टच जातात, म्हणजे चोविसांपैकीं शेंकडा दोनहि नाहीं, आणि तारेंतील उष्णता चौथाईवर येते.

गृहिणींस आणि सणावारीं रोषणाई करणाऱ्या मुलांस उपयोगी पडेल म्हणून आम्ही पाळलेलें पथ्य थोडक्यांत सांगतों. अडॅप्टरमधून निघणाऱ्या धन तारेंत, अडॅप्टरच्या जवळच, फ्यूज घालावा. आमच्या सहा अँपिअरच्या पट्टीस साडेसातचा घातला. फ्यूज पट्टीहून किंचित्‌ अधिक पण तार सोसेल त्याहून कमी, असा असावा. जोड शक्य तों टाळावा. करावाच लागला तर पक्क्या जोडपेटींत, उघड्यावर, डोळ्यांस दिसेल असा करावा. उरलेली तार कापून टाकावी. वेटोळें करून कापडांत खोंवूं नये. अडॅप्टरला चारी बाजूंनीं हवा मिळावी, आणि तो धातूच्या पेटीचा असेल तर भूमितार अवश्य जोडावी. पुठ्ठा आणि मखमल यांच्यापासून त्याला दूर ठेवावें. अंगणांत किंवा गच्चीवर दिवे लावावयाचे, तर ऊन आणि पाऊस सोसणारें आवरण पाहून घ्यावें. घरांतली केबल बाहेर फार दिवस टिकत नाहीं. आणि शेवटीं, सर्व दिवे पूर्ण तेजानें तासभर लावून, बारा व्होल्टांच्या तारेवरून आणि प्रत्येक जोडाजवळून हाताची पालथी बाजू फिरवून पाहावी. किंचित्‌ कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बटण बंद करून तार बदलावी.

या सगळ्याला खर्च किती आला? मखमलीचें जें कापड जळलें, त्याहून फारसा अधिक नाहीं. माझी काटकसर एवढीशी रक्कम वांचविण्यासाठीं होती! काटकसर हा गुण आहे असें मी आजहि मानतों. पण कोणत्या वस्तूंत ती करावी, हें ठरविण्यासाठीं त्या वस्तूचें ज्ञान लागतें. ज्ञान नसेल तेथें ज्याला तें आहे त्याचें ऐकावें, मग तो वयानें कितीहि लहान असो. योग्य वचन बालकापासूनहि घ्यावें, हा पाठ मीं किती वर्गांना शिकविला असेल याची गणती नाहीं. परंतु घरांत तोच पाठ माझ्यापुढें चालत आला, तेव्हां तो मला ओळखतां आला नाहीं. आम्ही सुनांना शिकवितों, त्यांच्या पदवीचा लग्नपत्रिकेंत उल्लेख करतों, आणि ती विद्या घराच्या उपयोगास येण्याची वेळ आली कीं त्यांच्या मौनाला विनय म्हणून वाखाणतों. त्या मौनाची किंमत त्या रात्रीं माझ्या आईला द्यावी लागली असती. तेव्हांपासून आमच्या घरीं एक नवा नियम झाला आहे: विजेच्या कामांत सूनबाईचा शब्द शेवटचा, आणि तिनें तो मोठ्यानें बोलावयाचा.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं नवी केबल बसविल्यावर आरतीच्या वेळीं पट्टी लागली. पांढरा रंग पांढराच पडला. पुतण्याला आनंद झाला. आरती आटोपल्यावर आई काठी टेंकीत मखराजवळ आली आणि म्हणाली, “कोठें आहे ती तार? मला दाखवा.” सूनबाईनें तिचा हात धरून तारेवर ठेवला. आईनें बराच वेळ ती चांचपून पाहिली, मग म्हणाली, “गार आहे. पण निजतांना बंद करा हो. दिवा लावला कीं त्याच्याजवळ माणूस जागें असावें.”

मखमलीचा तो भोंक पडलेला तुकडा मीं टाकूं दिला नाहीं. घडी घालून तो मखराच्या सामानाच्या पेटींत अगदीं वर ठेवला आहे. पुढच्या भाद्रपदांत पेटी उघडतांना तो प्रथम हातीं यावा.